किती दिवसांचे धान्य

मागच्या चैत्रात स्वयंपाकघरातील ओटा नव्याने बसवण्याचे काम निघाले आणि सगळे डबे बाहेरच्या खोलीत आणून मांडावे लागले, तेव्हा आमच्या घरातील एकूण एक धान्य प्रथमच एका जागी, एका नजरेत दिसले. साडेचार किलो कणीक, तीन किलो तांदूळ, दोन किलोंच्या आसपास ज्वारीचे पीठ, दीड किलो तूरडाळ, मूग-मटकी-मसूर मिळून किलोभर, थोडे पोहे, थोडा रवा आणि तेलाच्या दोन पिशव्या. घरात आम्ही दोन माणसे. दुपारी कागद घेऊन हिशेब मांडला, तर हे सारे जेमतेम वीस दिवस पुरणारे होते. वाशीत, मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीच्या धान्यबाजारापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर असलेल्या आणि घरच्या कर्त्या पुरुषाचे सारे आयुष्य धान्याच्या पेढीवर गेलेल्या घराची ही शिल्लक होती. त्या कागदाकडे पाहताना मला आईची आठवण झाली.

आईने हा हिशेब दिवसांत कधीच केला नाही. तिचा हिशेब ‘वर्ष आणि वर दोन महिने’ असा असे. वडील तेव्हा मशीद बंदराच्या दाणाबंदरात एका पेढीवर मेहताजी होते, त्यामुळे नवा गहू बाजारात उतरला की चांगल्या प्रतीची दोन पोती घाऊक भावात घरी येत. ज्वारी माण तालुक्यातील गावाहून येई, तांदूळ दिवाळीनंतर. वरचे दोन महिने कशासाठी, असे मी लहानपणी विचारले होते, तेव्हा तिने पाऊस लांबला तर, पीक हुकले तर, दारात अवचित चार माणसे आली तर, अशी तीन कारणे बोटांवर मोजून दाखवली होती. गहू उन्हात घालण्यासाठी चाळीच्या गच्चीवर वार ठरवून घ्यावा लागे, कारण त्या पंधरवड्यात सगळ्याच बिऱ्हाडांचे गहू गच्चीवर चढत. तापलेला गहू निववून, निवडून, एरंडेलाचा हात फिरवून, थराथरात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून पत्र्याच्या कोठीत भरला जाई, आणि कोठीचे झाकण लागले की आई पदराने कपाळ पुसून एक दीर्घ श्वास घेई. त्या श्वासाचा अर्थ मला फार उशिरा कळला.

आईचे बालपण ज्या गावात गेले तिथे साठवणीची रीत याहूनही जुनी होती. तिच्या वडिलांच्या वाड्यात जमिनीखाली पेव होते. पांढरीच्या मातीत खोल खणलेल्या, तळाला आणि कडांना कडबा व भुसा लावलेल्या त्या खड्ड्यात ज्वारी ओतून तोंड मातीने लिंपून टाकले, की ती चार-चार वर्षे टिके. पेव उघडणे हे मात्र जोखमीचे काम असे, कारण आत कोंडलेला वायू माणसाचा जीव घेऊ शकतो. म्हणून तोंड मोकळे करून ते तसेच ठेवत, मग दिवा खाली सोडून पाहत आणि दिवा विझला नाही तरच माणूस उतरे. आज आपण एखाद्या गोष्टीचे ‘पेव फुटले’ असे म्हणतो तेव्हा त्या शब्दामागे सुगीचे धान्य दुष्काळापर्यंत जपून नेणारी ही व्यवस्था आहे, हे बहुतेकांच्या मनातही येत नाही. चांगल्या सालात पेव भरायचे आणि ते वाईट सालासाठी राखायचे, हे कोरडवाहू मुलुखातील शहाणपण होते. आणि मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा पाचशे वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राने जिभेवर ठेवली, ती कोठार भरलेले असण्याचे आणि ते वेळेवर उघडण्याचे मोल या लोकांना पुरते ठाऊक होते म्हणून.

धान्यबाजार १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईहून वाशीला हलला आणि त्याच्यामागोमाग आम्हीही खाडी ओलांडून आलो. आईच्या तीन कोठ्या टेम्पोतून आल्या. पहिली काही वर्षे त्या भरल्या गेल्या, मग दोन, मग एक, आणि आई गेल्यावर शेवटच्या कोठीत जुन्या चादरी गेल्या. खाली दुकान होते, दुकानाच्या मागे एवढा मोठा बाजार होता, आणि पुढे तर फोनवरून मागवलेले पीठ अर्ध्या तासात दारात येऊ लागले, तेव्हा वर्षाचे धान्य भरणे हा वेळ, पैसा आणि जागा यांचा अपव्यय वाटू लागला. वडील पेढीवरचे एक वाक्य नेहमी सांगत, “पोतं गाळ्यात पडून राहिलं की व्याज खातं.” व्यापाऱ्याच्या दृष्टीने ते अगदी खरे आहे. पडून असलेला माल म्हणजे अडकलेले भांडवल, गुदामाचे भाडे, उंदीर-घुशींची तूट आणि भाव पडण्याची भीती. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत साऱ्या जगाने आपल्या अन्नाचा हिशेब या पेढीच्या वहीप्रमाणे ठेवायला सुरुवात केली आहे. माझ्या चिंतेचे मूळ तिथे आहे.

जगाच्या अन्नाविषयी बोलताना सहसा एकच प्रश्न विचारला जातो, की २०८० च्या दशकात लोकसंख्या १ हजार कोटींच्या पलीकडे जाऊन शिखर गाठेल तेव्हा एवढ्या तोंडांना पुरेसे पिकेल का. तो प्रश्न खोटा नाही, पण तो फार दूरचा आणि फार सरसकट आहे. आई त्याऐवजी विचारत असे की एखादे साल हुकले तर आपल्याजवळ किती दिवसांचे आहे, आणि ते कोणाच्या घरात आहे. त्या कागदावरील वीस दिवसांनंतर मी हाच प्रश्न घराबाहेर नेऊन पाहिला.

आधी शहर. नाशिक, पुणे, सातारा, सांगलीकडून निघालेले भाजीचे ट्रक रोज मध्यरात्रीनंतर वाशीत उतरतात, पहाटे मालाचा भाव फुटतो आणि दुपारपर्यंत मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या घराघरांत भाजी पोहोचलेली असते. ही व्यवस्था पाठीवर पेलणारे माथाडी बहुतांशी सातारा, सांगली आणि जुन्नर-आंबेगावकडचे आहेत. मे २०२० मध्ये करोनाची लागण वाढली म्हणून हा बाजार आठवडाभर बंद ठेवावा लागला, तेव्हा मी पहिल्यांदा खिडकीतून त्या रस्त्यावर शांतता पाहिली. धान्य देशात मुबलक होते, शेतात भाजी उभी होती, रस्ते शाबूत होते. तरी आमच्या इमारतीतील लोक एकमेकांना फोन करून कोणाकडे बटाटे आहेत का, असे विचारत होते. ज्यांच्या घरी महिन्याचे सामान होते त्यांना तो आठवडा गैरसोयीचा गेला. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या घरी रोजच्या रोज पावशेर तेल आणि किलोभर पीठ आणले जाई, आणि तिच्यासाठी तो आठवडा उपासाचा ठरला. वर्षाचे धान्य भरण्यासाठी आधी हाताशी दोन पैसे आणि घरात चार हात कोपरा असावा लागतो, हे आईच्या कौतुकात विसरून चालणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ साली जगात ६७ कोटींहून अधिक माणसे भुकेली होती आणि त्याच वर्षी जगात सर्वांना पुरेल इतके धान्य पिकलेलेही होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली. तो दुष्काळ वयाच्या नवव्या वर्षी पाहिलेल्या अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवून दिले, की बाजारात तांदूळ असूनही तो विकत घेण्याची ऐपत संपली म्हणून ती माणसे मेली.

मग देश. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस फसला तेव्हा भारताच्या कोठीत काहीच शिल्लक नव्हते. १९६६ साली १ कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आणावे लागले, त्यातील बहुतेक अमेरिकेच्या पीएल-४८० या अन्नमदत योजनेखाली आले, आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन महिन्या-महिन्याच्या बोलीवर जहाजे सोडत असत. वडील त्या काळी पेढीवर नवीन होते. गोदीत कोणते जहाज लागले, कोणते अजून एडनजवळ आहे, याची चर्चा दाणाबंदरात दिवसभर चाले, असे ते सांगत. आई त्या रेशनच्या लाल ज्वारीबद्दल, मिलोबद्दल, बोलताना नेहमी आवाज खाली आणी, कारण आपल्या गावची पांढरीशुभ्र मालदांडी खाल्लेल्या बाईला ती भाकरी थापताना अपमान झाल्यासारखे वाटे. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळ न जेवण्याचे आवाहन केले होते, ते आमच्या घरी पुढे कित्येक वर्षे पाळले गेले. भारतीय अन्न महामंडळ १९६५ साली स्थापन झाले आणि बुटक्या गव्हाच्या वाणांनी पुढील काही वर्षांत चित्र पालटले, हे सर्वज्ञात आहे. हरितक्रांतीचे मोठेपण सांगताना आपण उत्पादनाचे आकडे सांगतो. मला मात्र तिचे सर्वांत मोठे देणे हे वाटते, की तिने या देशाला पुन्हा एक कोठी दिली. आज १ जुलैला केंद्रीय साठ्यात गहू आणि तांदूळ मिळून किमान ४११ लाख टन असलेच पाहिजेत असा दंडक आहे. सुमारे ८० कोटी माणसांना दरमहा ५ किलो धान्य मिळते ते याच कोठीतून.

ही कोठीही किती चटकन तळ दाखवू शकते, हे २०२२ साली दिसले. फेब्रुवारीच्या २४ तारखेला रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. या दोन देशांतून जगाच्या बाजारातील जवळजवळ तिसरा हिस्सा गहू येत असे. भाव भडकले आणि भारत जगाला गहू पुरवील अशी भाषा आपल्याकडे सुरू झाली. पण त्याच वेळी उत्तर भारतात दाणा भरण्याच्या नेमक्या दिवसांत उष्णतेची लाट आली होती. तो मार्च १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण मार्च ठरला. दाणे सुरकुतले. सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर आली आणि १३ मे रोजी निर्यात थांबवावी लागली. म्हणजे युद्ध तिकडे, ऊन इकडे, आणि दोन्हींचा ताण एकाच हंगामात एकाच धान्यावर पडला. तापमान सरासरी एका अंशाने वाढले तर जगातील गव्हाचे उत्पन्न सुमारे ६ टक्के आणि मक्याचे ७ टक्क्यांहून अधिक घटेल, असे २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या पद्धतींची सांगड घालून मांडले होते. ही घट दर वर्षी थोडी-थोडी, सर्वत्र सारखी येत नाही. ती कधी एकदम, कधी एकाच वर्षी दोन-तीन मोठ्या धान्यपट्ट्यांत येते, आणि अशा वर्षासाठीच साठवण असते.

माझ्या त्या दीड किलो तूरडाळीतही जग येऊन बसले होते, हे मला बाजारातील एका जुन्या परिचितांनी दाखवून दिले. धान्यबाजारात आज तुरीचे भाव लातूर-अकोल्याच्या नावांबरोबर ‘लेमन’, ‘गजरी’, ‘मटवारा’, ‘अरुषा’ अशा नावांनीही बोलले जातात. लेमन म्हणजे म्यानमारची तूर, गजरी मोझांबिकची, मटवारा आणि अरुषा टांझानियाच्या. मसूर कॅनडा-ऑस्ट्रेलियातून येते. खाद्यतेलाचा तर निम्म्याहून अधिक वाटा आपण बाहेरून आणतो, पाम तेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल काळ्या समुद्राकडून. माझ्या आजीला कारळे, करडई आणि शेंगदाणा एवढीच तेले माहीत होती, आणि तिन्ही तिच्या शिवारात होती. व्यापाराला मी वाईट म्हणत नाही. मोझांबिकच्या शेतकऱ्याने तूर पिकवली नसती तर २०१५ साली दोनशे रुपयांवर गेलेली डाळ आणखी चढली असती. पण शेजाऱ्याकडून वाटीभर पीठ उसने मिळण्याची खात्री जोवर त्याच्या घरात पीठ आहे तोवरच असते, आणि अडचण आली की प्रत्येक घर आधी आपले दार लावून घेते.

तसे घडलेलेही आहे. २००८ साली जगात तांदळाचे पीक भरघोस होते. तरीही आपल्यासह काही देशांनी निर्यात रोखली, आयात करणाऱ्यांनी घाबरून दुप्पट-तिप्पट मागण्या नोंदवल्या, आणि थायलंडच्या तांदळाचा भाव काही महिन्यांत टनाला साडेतीनशे-चारशे डॉलरवरून हजार डॉलरच्या घरात गेला. २० जुलै २०२३ रोजी भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात पुन्हा थांबवली, तेव्हा जागतिक तांदूळ व्यापारातील सुमारे ४० टक्के वाटा भारताचा होता. आपल्या माणसांसाठी तो निर्णय योग्य असेलही. पण पश्चिम आफ्रिकेतील एखाद्या बंदरात आपल्या तांदळावर संसार चालवणाऱ्या बाईने त्या दिवशी काय केले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही, कारण जॉन्सन यांच्या जहाजांची वाट पाहणारी बाई माझ्या घरात होती.

आणि जगाची कोठी? गहू, तांदूळ, मका यांचा जगातील जो शिल्लक साठा कागदावर दिसतो, त्यातील निम्म्याहून अधिक एकट्या चीनमध्ये आहे आणि तो बाजारात येणारा नाही. उरलेल्या जगाची शिल्लक त्यामुळे दिसते त्याहून खूपच कमी आहे. लेबनॉनची गोष्ट मला या संदर्भात वारंवार आठवते. बैरुतच्या बंदरात १ लाख २० हजार टन क्षमतेची धान्याची उंच कोठारे होती, त्या देशाची एकमेव मोठी कोठी. ४ ऑगस्ट २०२० रोजी शेजारच्या गुदामात वर्षानुवर्षे पडून असलेल्या २७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. स्फोटाचा बराचसा आघात त्या कोठारांनी स्वतःवर घेतला आणि त्यांच्या आड असलेला शहराचा भाग काहीसा वाचला. देशात महिनाभरही पुरेल एवढा गहू उरला नाही. दीड वर्षाने युक्रेनचे युद्ध सुरू झाले तेव्हा त्या देशाचा बहुतांश गहू तिथूनच येत होता आणि ठेवायला कोठार उरले नव्हते. जुलै २०२२ मध्ये पडक्या कोठारांत राहिलेले धान्य उन्हाने आंबून पेटले, आठवडे धुमसत राहिले आणि त्यात एक भाग कोसळला. धान्य जपणारी भिंत पाडणारा पदार्थ हा खतातही वापरला जाणारा नत्राचा, म्हणजे नायट्रोजनचा, क्षार होता, हे वाचले तेव्हा मी बराच वेळ काहीच करू शकले नाही.

कारण नत्र हीदेखील एक कोठी आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. वाशीच्या खाडीपुलावरून जाताना पलीकडे ट्रॉम्बेच्या चिमण्या दिसतात. तिथे आणि अलिबागजवळ थळला खतांचे कारखाने आहेत. हवेतील नत्र पकडून त्याचा अमोनिया करण्याची रीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये दाखवली, कार्ल बॉश यांनी ती १९१३ पर्यंत कारखान्यात आणली, आणि आज जगातील जवळजवळ निम्म्या माणसांचे अन्न या एका रासायनिक क्रियेवर उभे आहे. या क्रियेसाठी नैसर्गिक वायू लागतो. आपल्या शेतकऱ्याला युरियाची ४५ किलोंची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, आणि तिच्यामागे कतारहून जहाजाने येणारा वायू, होर्मुझची चिंचोळी सामुद्रधुनी आणि सरकारचे प्रचंड अनुदान उभे असते. २०२२-२३ मध्ये खतांच्या अनुदानावर अडीच लाख कोटी रुपयांहून अधिक खर्च झाले. पोटॅशची खाण आपल्याकडे जवळजवळ नाहीच, आणि जगातील स्फुरद-खडकाचा (रॉक फॉस्फेटचा) सुमारे ७० टक्के साठा एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहे. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात अचानक बंद केली आणि एका हंगामात भाताचे उत्पादन कोसळले, हे पाहिल्यावर खतांची सवय एका फटक्यात सुटेल असे कोणी म्हणू नये. शेणखत, हिरवळीची खते, डाळींचे फेरपालट यांनी ती हळूहळू, दहा-पंधरा वर्षांत सैल करता येईल. पण त्यासाठी आज सुरुवात करावी लागते, आणि मातीत मुरलेली सुपीकता हीदेखील पडून राहिलेले भांडवलच असल्याने तिच्यावर खर्च करायला कोणाचा हात सहज पुढे येत नाही.

‘साठा’ या शब्दावर आपल्या भाषेने दोन वेगळे संस्कार केले आहेत. घरात केली ती साठवण, आणि भाव चढवण्यासाठी केली ती साठेबाजी. साठेबाजीची झळ या देशाने सोसली आहे, म्हणून १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा आहे आणि १२ जून २०२३ रोजी घाऊक व्यापाऱ्यांवर गव्हासाठी ३००० टनांची मर्यादा घातली गेली तेव्हा मला ती योग्यच वाटली. परंतु साठेबाजीवरच्या रागात साठवणीची प्रतिष्ठाही कमी झाली. अन्न महामंडळाची गुदामे भरून वाहू लागली की धान्य सडते म्हणून ओरड होते, ती खरीही असते. आणि त्यावर उपाय म्हणून २०२४-२५ साठी इथेनॉल करायला ५२ लाख टन तांदूळ देऊ केला गेला. अमेरिका तर आपल्या मक्याचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग गाडीच्या टाकीत घालते. जादा तांदळाचे काय करायचे हा प्रश्न अवघड आहे, हे मान्य करूनही मला हा मार्ग पटत नाही. गोदामे नीट बांधावीत, ती पंजाब-हरियाणापुरती न राहता तालुक्या-तालुक्यांत असावीत, त्यांत ज्वारी, बाजरी, नाचणी, तूर, हरभरा असावा, आणि जादा झालेले धान्य आधी ज्याच्या घरात आठ दिवसांचेही नाही त्याच्याकडे जावे. माणदेशातील पेवात तांदूळ नव्हता, कारण तो तिथे पिकत नव्हता. जे जिथे पिकते ते तिथे ठेवावे, एवढी साधी गोष्ट त्या पेवांना ठाऊक होती.

मी जिथे राहते ती जमीनही एकेकाळी पिकत होती, हे मला इथे येऊन दहा वर्षे झाली तरी माहीत नव्हते. सिडकोने नव्या शहरासाठी ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन घेतली. तिच्यातील पुष्कळशी आगरी-कोळ्यांची भातशेते, मिठागरे आणि खारभूमी होती. जुहूगावातील एका मावशींकडे मी पापड घेण्यासाठी जात असे. त्यांनी एकदा हाताने दाखवले, की आत्ता जिथे रुग्णालयाची इमारत आहे तिथपर्यंत त्यांच्या घरची शेते होती. खाडीला बांध घालून, त्यात ओहोटीला उघडणारी आणि भरतीला मिटणारी उघाडी बसवून, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढून ही शेते कमावलेली असत. बांध गावाने मिळून राखायचा, कारण तो एका जागी फुटला तर सगळ्यांचे गेले. “येकदा खारा पानी शिरला का तीन वर्सा भात विसरायचा, बाय,” असे त्या म्हणाल्या. त्या शेतात राता नावाचा भात पिके, तांबडा, जाड, खारेपणा सोसणारा. त्यांच्या सासूबाई बियाण्याचा मुडा पेंढ्याने घट्ट आवळून माळ्यावर टांगत आणि घरात कितीही ओढ लागली तरी त्याला हात लावू देत नसत. जमिनी गेल्या, मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत उरणच्या आंदोलनात पाच माणसांनी प्राण दिले, आणि मुडा टांगायचे कारण उरले नाही.

आज मेकाँगच्या मुखापाशी आणि बांगलादेशच्या किनाऱ्यावर समुद्राचे खारे पाणी भातशेतांत शिरते आहे आणि जगभरचे शास्त्रज्ञ मीठ सोसणारी भाते शोधत आहेत. केरळच्या पोक्काळी भातातील असा गुण नव्या वाणांत उतरवण्याचे काम फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत झाले आहे. आमच्या इथून जवळ, पनवेलला, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र आहे, आणि ‘काळा राता १-२४’, ‘भुरा राता ४-१०’ हे निवडलेले वाण त्या राताच्याच कुळातले आहेत. म्हणजे मावशींच्या सासूबाईंनी जे टांगून ठेवले त्याची जगाला आता गरज पडली आहे. लेनिनग्राडच्या ८७२ दिवसांच्या वेढ्यात तिथल्या वनस्पती संस्थेतील संशोधक हजारो वाणांच्या बियाण्यांची राखण करत उपासाने मेले. भाताचा संग्रह सांभाळणारे दिमित्री इवानोव्ह यांच्याभोवती तांदळाच्या हजारो पुड्या होत्या आणि त्यांनी त्यातील एकही उघडली नाही. मी ही हकीकत मावशींना सांगितली, तेव्हा त्यांना तिचे मुळीच आश्चर्य वाटले नाही. बियाणे खायचे नसते, एवढेच त्या म्हणाल्या.

ओटा बसवून झाल्यावर मी शेवटच्या कोठीतील चादरी काढल्या. कोठी घासली, दोन दिवस उन्हात ठेवली. बाजारातून पन्नास किलो गहू आणि तीस किलो मालदांडी ज्वारी सांगितली. पोते घेऊन तिसऱ्या मजल्यावर आलेल्या तरुणाने घाम पुसत विचारले, “मावशी, घरात लग्न आहे का?” मी नाही म्हटले, वर्षाचे भरते आहे. तो पाटण तालुक्यातला होता. त्याची आई अजून भरते, असे म्हणून त्याने न सांगता पोत्याची शिवण एका ओढीत उसवून दिली आणि दोन मुठी गहू हातावर घेऊन वास घेतला.

एरंडेल किती घ्यायचे, हे मला आठवेना. साताऱ्याला मावशीला फोन केला. ती ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला प्रमाण सांगता येईना, ती फक्त म्हणाली की बोटे ओली दिसता कामा नयेत, पण दाणा चमकला पाहिजे. मी परातीत थोडा-थोडा गहू घेऊन हात फिरवत बसले. पहिल्या दोन पराती जास्त तेलकट झाल्या, तिसरीपासून हाताला अंदाज येत गेला. कडुलिंबाचा पाला खालच्या बागेतल्या झाडाचा होता, चार दिवस सावलीत वाळवलेला. संध्याकाळी कोठीचे झाकण लावले तेव्हा ते एका बाजूने किंचित वर राहिले, कारण तीस वर्षांपूर्वी टेम्पोतून उतरवताना तिथे पोच पडलेली आहे, आणि आई त्या जागी नेहमी घडी घातलेले फडके ठेवत असे.